पडद्यावरचे आणि रेडिओवरचे आवडते डिटेक्टिव्ह: पुरावा दाखवतात तरी कसा?

भिंगातून

आवडता डिटेक्टिव्ह कोण असं विचारलं की होम्स, प्वारो, ब्योमकेश ही नावं पटापट येतात. या धाग्यात थोडं पुढे जाऊ या. सिनेमा, मालिका किंवा रेडिओवरचा एक डिटेक्टिव्ह निवडा आणि त्याच्या कथेत पुरावा आपल्यासमोर कसा ठेवला जातो ते सांगा.

पुस्तकाचं सोपं असतं. लेखक टेबलावरच्या दहा वस्तू एका वाक्यात सांगतो, कामाची असते सातवी, आणि आपली नजर तिच्यावरून घसरून जाते. कॅमेऱ्याला ही सोय नाही. सातव्या वस्तूवर तो दोन सेकंद जास्त रेंगाळला की सगळ्यांना कळतं, आणि रेंगाळलाच नाही तर शेवटी "हे आम्हाला दाखवलंच नव्हतं" म्हणून प्रेक्षक चिडतो. रेडिओवर तर वस्तू दिसतच नाही. कुणीतरी तिचं नाव घ्यावं लागतं, आणि नाव घेतलं की ती उघडी पडते. माझ्या मते मोठा डिटेक्टिव्ह तोच, ज्याच्या लेखक-दिग्दर्शकाने या अडचणीवर स्वतःचं उत्तर शोधलं.

एकच विनंती: शेवट किंवा खुनी सांगणार असाल तर आधी 'रहस्यभेद' असं लिहा.

टकटक

माझं मत कोलंबोला, म्हणजे अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या पोलीस डिटेक्टिव्हला. त्याच्या निर्मात्यांनी, म्हणजे रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी, तुम्ही म्हणता ती अडचण मुळातूनच काढून टाकली. खून कोणी केला आणि कसा केला हे सुरुवातीलाच दाखवायचं. पहिली पंधरा-वीस मिनिटं बहुतेक वेळा कोलंबो दिसतसुद्धा नाही. मग पुरावा लपवायची गरजच उरत नाही. सगळा खेळ 'आता हा पकडणार कसा' याचा. या उलट्या बांधणीचा पाया आर. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ साली 'द सिंगिंग बोन' या कथासंग्रहात घातला होता, पण ती घराघरात पोचवली कोलंबोने.

पीटर फॉक पहिल्यांदा कोलंबो झाला १९६८च्या टीव्हीपटात. १९७१ ते ७८ मूळ मालिका, पुढे १९८९ ते २००३ दुसरी फेरी, सगळे मिळून ६९ भाग. सुरकुतलेला रेनकोट फॉकच्या स्वतःच्या कपाटातला आणि गाडी जुनी प्यूजो ४०३.

दारापर्यंत जाऊन "अजून एक गोष्ट राहिली" म्हणत परत वळायची त्याची लकब आहे ना, तिचा जन्म अगदी व्यावहारिक आहे. कोलंबो मुळात ज्या नाटकातून आला ते लिहिताना एक प्रवेश लांबीला कमी पडला. कोलंबो तर बाहेर पडलेला, आणि सगळं पान पुन्हा टाईप करायचा लेखकांना कंटाळा. म्हणून त्यालाच परत आत आणलं. ती लकब चालते कारण माणूस प्रश्नांना उत्तरं देताना सावध असतो, पण पाहुणा दाराशी पोचला की त्याचा श्वास मोकळा होतो. खरा प्रश्न नेमका त्या मोकळ्या श्वासावर येतो.

रहस्यभेद ('सूटेबल फॉर फ्रेमिंग', १९७१): एकच भाग बघायचा तर हा. कलासमीक्षक डेल किंग्स्टन श्रीमंत काकाला गोळी घालतो आणि मृतदेहावर विजेवर तापणारं ब्लँकेट टाकतो. देह गार व्हायला वेळ लागला की मृत्यूची वेळ पुढे सरकते. ठरलेल्या वेळी त्याची साथीदार त्याच घरात गोळ्या झाडते, आवाज पहारेकऱ्याच्या कानावर जातो, आणि किंग्स्टन तेव्हा प्रदर्शनात चारचौघांत असतो. चोरलेली, फ्रेंच चित्रकार देगाची दोन चित्रं तो काकूच्या घरात ठेवून तिला अडकवतो. पण मधल्या एका प्रसंगात तो ती चित्रं पिशवीतून नेत असताना कोलंबो उगाच पिशवीत हात घालतो. साधा आगाऊपणा वाटतो. शेवटी चित्रांवर बोटांचे ठसे सापडतात ते कोलंबोचेच. किंग्स्टन ओरडतो, "हे तुम्ही आत्ताच उमटवलेत!" कोलंबो खिशातून हात बाहेर काढतो. दोन्ही हातांत मोजे. तिथेच भाग संपतो, पुढे एक शब्द नाही.

पुरावा पूर्ण उजेडात, आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेला असतो. आपण तो कोलंबोच्या स्वभावाच्या खात्यात टाकून विसरून गेलेलो असतो.

पुरावा_हवा

मोज्यांचा शेवट अप्रतिमच. पण सगळे भाग इतके पक्के नाहीत. तरुण स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला 'मर्डर बाय द बुक' (१९७१) घ्या. दोन लेखकांची जोडी, त्यातला एक दुसऱ्याला मारतो. सुरुवात फार सुंदर आहे: संगीत नाही, फक्त टाईपरायटरची खडखड, आणि तिच्यावर रस्त्यातून येणारी खुन्याची गाडी. पण शेवटी कोलंबोच्या हातात येतो तो टिपणाचा एक कागद. वकील तो सहज उडवून लावेल. आरोपी कबूल होतो म्हणून भाग संपतो. नंतर बघणाऱ्यांसाठी सांगतो, सव्वा तासाचे भाग घट्ट आहेत आणि दीड तासाच्या काही भागांत पाणी घातलेलं जाणवतं. त्यामुळे सुरुवात छोट्या भागांपासून करा.

कानसेन

रेडिओची बाजू मांडतो, कारण या विषयात तिला नेहमी शेवटची खुर्ची मिळते.

श्रुतिकेत पाळावे लागणारे दोन नियम आधी सांगतो. पहिला, जे पात्र बराच वेळ बोलत नाही ते श्रोत्याच्या लेखी खोलीतून निघून गेलेलं असतं. सिनेमात संशयित कोपऱ्यात गप्प बसून राहू शकतो, इथे त्याला खोकायला तरी लावावं लागतं. दुसरा नियम आवाजांच्या संख्येचा. एका प्रवेशात चार-पाचपेक्षा जास्त आवाज आले की कान गोंधळतो. आठ संशयितांची कादंबरी रेडिओवर जशीच्या तशी नेली तर तिसऱ्या प्रवेशात कोण कोण ते कळेनासं होतं. म्हणून वय, पट्टी, बोलण्याची गती यांत ठळक फरक असलेले कलाकार घ्यावे लागतात आणि संवादांत नावं पुन्हा पुन्हा पेरावी लागतात.

आता कुत्रा न भुंकल्याची होम्सची प्रसिद्ध गोष्ट घ्या, 'सिल्व्हर ब्लेझ'. तिथे पुरावा म्हणजे *नसलेला* आवाज. रेडिओला हे सोन्यासारखं, असं वाटेल, पण इथेच फसायला होतं. रेडिओवर जे ऐकू येत नाही ते मुळात नसतंच. रात्रीचा तबेल्यातला प्रवेश नुसता शांत ठेवला तर श्रोत्याला कुत्र्याची आठवणसुद्धा होणार नाही. म्हणून त्याआधी, संध्याकाळी परका माणूस तबेल्यापाशी येतो तेव्हा, कुत्र्याचं भुंकणं आणि साखळीची ओढ नीट ऐकवून ठेवायला हवी. कानाला त्या आवाजाची सवय लागली की मगच त्याचं नसणं कानाला लागतं.

माझा आवडता होम्स म्हणून क्लाईव्ह मेरिसन. बीबीसी रेडिओ ४ वर १९८९ ते ९८ या काळात त्याने आणि मायकेल विल्यम्सने (वॉटसन) डॉयलच्या सगळ्या, म्हणजे ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या केल्या. मुख्य लेखक बर्ट कूल्स. तोवर एकाच जोडीने साठच्या साठ पूर्ण केल्या नव्हत्या.

निळी_शाई

कानसेन, सुंदर प्रतिसाद. अमेरिकन रेडिओबद्दलही लिहा ना. जॉनी डॉलर?

कानसेन

जरूर. 'युअर्स ट्रुली, जॉनी डॉलर' १९४९ ते १९६२ चाललं. डॉलर हा विमा कंपन्यांसाठी तपास करणारा माणूस, आणि प्रत्येक भाग म्हणजे त्याने कंपनीला पाठवलेला खर्चाचा हिशोब. "खर्च क्रमांक एक, विमानाचं तिकीट, इतके डॉलर." वाक्य संपतं आणि आपण दुसऱ्या शहरात. रेडिओवर जागा बदलणं हे अवघड काम असतं. कुणीतरी "अरे, आपण बंदरावर पोचलो" असं कृत्रिम वाक्य बोलतं आणि मजा जाते. इथे हिशोबाची एक ओळ जागा, वेळ आणि कारण तिन्ही सांगून मोकळी होते. शेवटी एकूण रक्कम आणि सही.

डॉलरचा आवाज बॉब बेली होता तो काळ गाठा. १९५५च्या ऑक्टोबरपासून वर्षभर ही मालिका पंधरा मिनिटांचे पाच भाग, सोमवार ते शुक्रवार, अशी यायची. एका प्रकरणाला सव्वा तास मिळाल्यावर संशयितांना स्वभाव आले. आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासाच्या भागांत ती खोली नाही.

सत्यान्वेषी

ब्योमकेश बक्षी. दूरदर्शन, १९९३. दिग्दर्शक बासू चटर्जी, ब्योमकेश रजित कपूर, त्याचा मित्र अजित के. के. रैना, आणि बायको सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी.

ही मालिका आजही टिकून आहे ती तिच्या साधेपणामुळे. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, खोलीत दोन-तीन माणसं, चहा, धोतर, एखादं वर्तमानपत्र. भिंग नाही, विचित्र टोपी नाही. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो, आणि रजित कपूरने तो शब्द अभिनयातून वागवला. समोरचा खोटं बोलतोय हे कळलं तरी त्याची पापणी हलत नाही. फक्त पुढचा प्रश्न जरा हळू येतो. तेवढं बघितलं की कळतं, गाठ सापडली.

बासूदांनी पुरावा लपवण्यासाठी काय केलं, तर घाई केली नाही. सगळेच संवाद एकाच चालीत, एकाच प्रकाशात चित्रित केले. महत्त्वाच्या ओळीला पार्श्वसंगीताचा धक्का नाही, चेहऱ्यावर झूम नाही. त्यामुळे खरी ओळ इतर ओळींत मिसळून जाते. पुस्तकातली ती यादीतली सातवी वस्तू पडद्यावर आणायची हीच रीत.

टकटक

अगदी. आणि याच्या उलट टोकाला सत्यजित राय. 'सोनार केल्ला' कादंबरीत खोटा डॉक्टर कोण हे शेवटी कळतं. १९७४ साली स्वतःच्याच कादंबरीवर सिनेमा करताना रायनी खलनायक सुरुवातीलाच उघडे करून टाकले. वाचकाने वीस पानं मागे जाऊन पडताळून बघणं आणि प्रेक्षकाने अंधारात बसून दहा मिनिटांचा खुलासा ऐकणं यांत फरक आहे. खुलासा लांबला की सिनेमा थांबतो, बाकी राहतं फक्त भाषण. म्हणून रायनी 'कोण' काढून 'आता काय होणार' ठेवलं. सौमित्र चटर्जीच्या डिटेक्टिव्ह फेलूदाला आणि त्याच्या लेखक मित्राला, संतोष दत्तांच्या जटायूला, त्यामुळे मोकळी जागा मिळाली. प्रवास, उंट, वाळवंट, छोट्या मुकुलचं स्वप्न, सगळं श्वास घेतं.

याआधी १९६७ साली रायनी उत्तमकुमारला ब्योमकेश करून 'चिडियाखाना' केला होता. तिथे शेवटचा खुलासा आहे आणि तो जड होतो. दोन्ही पाठोपाठ बघा, फरक लगेच दिसेल.

भिंगातून

हे फारच मोलाचं. खुलाशाचा जडपणा म्हटलं की प्वारो आठवतो, तिथे तर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून भाषण देणं हाच कळस. मग टीव्हीवर प्वारो झालेल्या डेव्हिड सुशेचं का चालतं?

मिश्यांची_निगा

सुशेचं चालतं कारण तो खुलासा सांगत नाही, खेळतो. १९८९ ते २०१३, एकूण ७० भाग, आणि इतक्या वर्षांत शेवटच्या दिवाणखान्याची मांडणी बघण्यासारखी बदलत गेली आहे. यशस्वी भागांत तीन गोष्टी हमखास दिसतात. प्वारो एका जागी उभा राहत नाही, एकेका संशयितामागे जाऊन थांबतो, त्यामुळे संशय अक्षरशः खोलीत फिरतो. मधे मधे आधीचे प्रसंग पुन्हा दिसतात, पण या खेपेस वेगळ्या कोनातून, आणि पहिल्यांदा चौकटीबाहेर राहिलेला हात आता आत असतो. शिवाय खुन्याआधी निदान दोन निरपराध माणसांची लहानमोठी गुपितं बाहेर येतात. अशी दर दोन-तीन मिनिटांनी एक गाठ सुटत जाते.

बिघडतं कुठे? जिथे पुस्तकाची युक्ती कथनातच आहे तिथे. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' वाचलेल्यांना कळेल. पडद्यावर 'मी' म्हणणारा माणूसही बाहेरून, इतरांसारखाच दिसतो, आणि पुस्तकाचा आधारच निघून जातो. सुशेच्या २००० सालच्या भागात एका रोजनिशीतून तो आधार परत आणायचा प्रयत्न आहे, पण फार थोडा उरतो. लघुकथांवरचे सुरुवातीचे पन्नास मिनिटांचे भाग मात्र रत्नं आहेत. प्वारोचा मित्र हेस्टिंग्ज, पोलीस इन्स्पेक्टर जॅप आणि सेक्रेटरी मिस लेमन असलेले.

कानसेन

ॲक्रॉइडला रेडिओच योग्य घर आहे! तिथे 'मी' कानात बोलतो, बाहेरून दिसत नाही. १९३९ साली ऑर्सन वेल्सने अमेरिकन रेडिओवर ती एका तासात बसवली आणि प्वारो व गोष्ट सांगणारा डॉक्टर शेपर्ड या दोन्ही भूमिका स्वतः केल्या.

निळी_शाई

अगाथा ख्रिस्तीची म्हातारी डिटेक्टिव्ह मिस मार्पल कशी विसरता? जोन हिक्सनने बीबीसी टीव्हीवर १९८४ ते ९२ मध्ये बाराही कादंबऱ्या केल्या आणि लगेच १९९३ ते २००१ मध्ये जून व्हिटफील्डने त्याच बारा बीबीसी रेडिओवर. माध्यमांची तुलना करायला इतका सरळ संच दुसरा मिळणार नाही.

हिक्सन जवळजवळ काहीच करत नाही. हातात विणकाम, मान किंचित कललेली, डोळे बोलणाऱ्यावर. सुया क्षणभर थांबतात, पुन्हा चालू होतात. बस, तिला कळलंय हे आपल्याला कळतं, काय कळलंय ते मात्र नाही. रेडिओवर हे अशक्य. ऐकणारी मार्पल तिथे नाहीशीच होईल. म्हणून व्हिटफील्डची मार्पल जास्त बोलते, छोटे भाबडे प्रश्न विचारत राहते, आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडून माहिती बाहेर येते. बाई एकच, पण एकीकडे ती थांबून शोधते, दुसरीकडे विचारून.

पुरावा_हवा

होम्सकडे परत येतो. घड्याळाचा प्रसंग आठवा, 'द साईन ऑफ फोर'मधला. वॉटसन खिशातलं घड्याळ देतो. झाकणाच्या आत गहाणवाल्याने कोरलेले बारीक आकडे, एकूण चार. म्हणजे घड्याळ चारदा गहाण पडलं आणि सोडवलं गेलं. किल्लीच्या भोकाभोवती असंख्य ओरखडे, म्हणजे किल्ली देणारा हात थरथरायचा, म्हणजे दारू. निरीक्षण, अर्थ, निष्कर्ष, सगळं हातात मावणाऱ्या एका वस्तूत.

२०१०च्या 'शेरलॉक'ने घड्याळाचा मोबाईल केला. चार्जरच्या भोकाभोवती ओरखडे, मागे कोरलेलं नाव. रूपांतर चोख आहे, आणि मृतदेहाशेजारी शब्द थेट पडद्यावर उमटवणं ही त्यांची मोठी देणगी. कॅमेऱ्याने पहिल्यांदा विचार *वाचायला* दिला. पण पुढच्या पर्वांत काय झालं? शब्द आणि झपाट्याने सरकणारी चित्रं इतकी वाढली की वस्तू नीट दिसायच्या आधी निष्कर्ष येऊन जातो. प्रेक्षकाला शेरलॉकबरोबर चूक करायची संधीच मिळत नाही. तपास बघितल्याचं समाधान जाऊन जादू बघितल्यासारखं होतं.

जेरेमी ब्रेटचा होम्स (ग्रॅनडा टीव्ही, १९८४ ते ९४) इथे वरचढ. तो वस्तू उचलतो, वास घेतो, जमिनीवर आडवा होतो, आणि दिग्दर्शक त्याला तेवढा वेळ देतो. सोबतचा वॉटसनही शहाणा आहे, आधी डेव्हिड बर्क आणि मग एडवर्ड हार्डविक. १९३९ ते ४६च्या बेसिल रॅथबोनच्या चौदा सिनेमांत नायजेल ब्रूसचा वॉटसन बावळट केला होता. कारण उघड आहे. पडद्यावर होम्सला जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं, मग त्याची हुशारी मोठी दाखवायला शेजारचा माणूस लहान केला. उपाय चालला, पण डॉयलच्या डॉक्टरवर तो अन्याय होता.

सत्यान्वेषी

शंभर टक्के सहमत. आणि सोव्हिएत मालिकेतला वसिली लिव्हानोव (१९७९ ते ८६) सोडू नका. लंडनची बेकर स्ट्रीट त्यांनी रिगा शहरात उभी केली. तिथे होम्स-वॉटसनची मैत्री हाच कणा आहे. वॉटसन विताली सोलोमिन.

तिठा

सीआयडीचं नाव अजून आलं नाही. तपासाच्या बारकाव्यात ती कच्ची आहे हे मान्य. प्रयोगशाळेचा अहवाल काही तासांत हातात, आणि कबुली थपडेवर. पण तिचे निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग मूळचे कॅमेरामन, आणि ते दिसतं. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला, कुठेही काट नाही. संकलनाशिवाय रहस्यकथा म्हणजे पुरावा नजरेआड करायला कात्री नाही. कॅमेऱ्याने नुसतं वळून दुसरीकडे बघायचं, आणि तेवढ्यात मागे वस्तू हलवायची. एक पाऊल चुकलं की पहिल्यापासून. याआधी सिंग यांनीच मराठीत, दूरदर्शनसाठी, 'एक शून्य शून्य' केली होती, त्यातही शिवाजी साटम होते. तिच्यात पोलीस ठाण्याचं रोजचं काम जास्त खरं होतं.

मिश्यांची_निगा

इंग्लिश टीव्हीवरच्या पोलीस इन्स्पेक्टर मोर्सबद्दल छोटीशी भर. जॉन थॉ, १९८७ ते २०००, ३३ भाग. मालिकेच्या शीर्षकसंगीतात बॅरिंग्टन फेलूंगने 'मोर्स' हे नावच मोर्स कोडमध्ये, म्हणजे तारायंत्राच्या लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीत, गुंफलं आहे. ऐकताना मोजा: दोन लांब, मग तीन लांब, मग आखूड-लांब-आखूड, मग तीन आखूड, शेवटी एक आखूड. काही भागांच्या संगीतात तर खुन्याचं नावही असंच लपवलं होतं. डोळ्यांना काही न दाखवता कानांना पुरावा दिला, तोही टीव्हीवर.

निळी_शाई

बाप रे, हे माहीत नव्हतं! आता सांगा, या सगळ्यांत नव्याने शिरणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

कानसेन

एकच कथा दोन माध्यमांतून घ्या. 'सिल्व्हर ब्लेझ' सगळ्यात सोयीची. आधी मूळ कथा वाचा, अर्धा-पाऊण तास पुरतो. मग ब्रेटचा १९८८चा भाग बघा, मग मेरिसनची श्रुतिका दिवे मालवून ऐका. ऐकताना फक्त एकच गोष्ट टिपा: कुत्र्याचा पहिला उल्लेख कुठे येतो, आणि त्या वेळी तुमचं लक्ष कुठे होतं.

टकटक

आणि कोलंबोसाठी 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' दोनदा बघा. दुसऱ्या खेपेस फक्त त्याचे हात बघायचे.